वाटीतलं दूध

आमचं घर म्हणजे पुढं दुकान, मागं राहती खोली आणि मधे एक पडदा. पडद्याच्या अलीकडं मी पँट-शर्ट शिवतो, पलीकडं राहतो. मोताळ्याच्या बाजाराच्या दिवशी माणसं मापं द्यायला येतात. एरवी मी आणि मशीन. बायको गेल्यापासून या घरातलं बोलणं कमी झालं. लेक होती तोवर आम्ही दोघं कामापुरतं बोलायचो. ती लग्न होऊन साखरखेर्ड्याला गेली आणि तेवढंही राहिलं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीत आहे. विहीणबाईंनी फोन करून सरळ विचारलं होतं, "भाऊ, तुमच्याकडं बाईमाणूस नाही. तिचं न्हाणं, शेक, लेकराचं बघणं कसं व्हायचं? राहू द्या की हितंच." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मलाच तो ऐकू आला. आई नसली म्हणून पोरीला माहेर नसतं काय, असं मी बोललो, आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ मला स्वतःचं ते वाक्य आवडत राहिलं.

लेक सातव्या महिन्यात आली. आल्यावर दोन-चार दिवसांनी तिनं एक जुना गाऊन माझ्या मशीनवर आणून ठेवला. म्हणाली, "बाबा, याले समोरून बटनं लावून द्या." कशाला, ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. मी गाऊन मधोमध उसवला, पट्टी लावली, काजं केली. त्याच मापाचे आणखी दोन नवे शिवले. बाप-लेकीत दुधाबद्दल त्या वेळी जेवढं बोलणं झालं, ते एवढंच.

शेजारच्या वहिनींनी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं कबूल केलं होतं. त्यांची स्वतःची तीन बाळंतपणं याच गल्लीत झालेली, तोंड सदा चालू, मन साफ. त्यांच्या भरवशावर मी निश्चिंत होतो. झबली, टोपडी, दुपटी मी स्वतः शिवली. मऊ मलमल आणून, शिवण बाहेरच्या बाजूला घेऊन, लेकराला टोचू नये म्हणून.

दिवाळीनंतर बुलढाण्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. लेकीला दूध लवकर आलं. वहिनी बाहेर येऊन मला सांगून गेल्या, "भाऊजी, काळजी सोडा, पोरगी लुचून राह्यली चांगली." मी मान हलवून भिंतीकडं पाहिलं.

पिवळेपणा पहिल्यांदा मला दिसला. ही बढाई नव्हे, रंग पाहणं माझा धंदा आहे. कपडा कुठलाही असो, त्याला जुळणारं रीळ मी दुकानातल्या दिव्याखाली निवडत नाही. कपडा आणि रीळ घेऊन बाहेर उजेडात यायचं, एक टाका लावून पाहायचा, मगच शिवायला घ्यायचं. माझ्या गुरूनं शिकवलेली ही पहिली गोष्ट. दवाखान्याच्या खिडकीशी नातीला पहिल्यांदा उजेडात नीट पाहिलं. कपाळ दाबून बोट उचललं की खाली पिवळं उमटत होतं.

डॉक्टर म्हणाले, नव्या लेकरांना होते कावीळ, बहुतेकांची आपोआप जाते. हिची जरा जास्त आहे, निळ्या दिव्याखाली ठेवू. डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांनी तिला ठेवलं. तिथं कावीळ उतरली, घरी पाठवलं. आता अंगावर पाजत राहा, सकाळी कोवळं ऊन दाखवा, म्हणाले. सगळं रीतसर होतं. डॉक्टरांच्या तोंडी 'कावीळ' हा शब्द रोजचा होता. मला तसा तो ऐकू येत नव्हता. का, ते सांगतो.

माझी बायको काविळीनं गेली. लेक तेव्हा सहावीत होती. बायकोचे डोळे पिवळे झाले तेव्हा मी तिला दवाखान्यात नेलं नाही. घाटावरच्या एका गावात काविळीची माळ घालणारा माणूस होता, त्याच्याकडं नेलं. कुठल्याशा मुळीचे हिरवे तुकडे दोऱ्यात गाठीनं बांधून तो टोपीएवढी माळ करायचा आणि डोक्यावर ठेवायचा. कावीळ उतरेल तशी माळ वाढत जाते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, पुढं बेंबीवर. बेंबीवर आली की कावीळ गेली. आमच्याकडं किती जणांनी घातली असेल. माळ खरंच रोज वाढायची. मी रोज सकाळी पाहायचो. आज गळ्यात आली, आज छातीवर आली. मी इतका माळेकडं पाहत होतो की बायको खाईनाशी झाली, बरळायला लागली, ते मला उशिरा दिसलं. अकोल्याला नेलं तेव्हा वेळ उरली नव्हती.

बरेच महिने उलटल्यावर एक दिवस दुकानात बसल्या बसल्या मला कळलं. हिरव्या काड्यांवर बांधलेल्या गाठी, काड्या वाळल्या की सैल होतात आणि दोरा लांब होतो. कोणाच्याही डोक्यावर ठेवा, नाहीतर खुंटीला टांगा. दोऱ्याचं एवढं साधं गणित, आणि मी शिंपी.

तर नातीला घरी आणलं तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं की या वेळी माझे डोळे उघडे राहतील. सकाळी कोवळ्या उन्हात बसणं मी माझ्याकडं घेतलं. बाकीच्या कामांत पुरुषाला जागा नव्हती, या एकात होती. मागच्या अंगणात सीताफळीजवळ बाज टाकून नातीला उघडी करून मांडीवर घ्यायचो. वहिनी भिंतीपलीकडून पाहायच्या. "भाऊजी, नातीले कुरडईवानी वाळवून राह्यले का? उलटी करा जरा, त्या बाजूनं कच्ची हाय अजून." लेक आतून हसायची. त्या दिवसांतलं तिचं हसणं मला आठवतं, कारण पुढं ते थांबलं.

मी उन्हात जाताना खिशात रिळं घेऊन जायचो. हळदी, गोल्डन, लेमन, क्रीम, बिस्कीट, उतरत्या पिवळ्या रंगाची. नातीच्या कपाळावर बोट दाबायचं, उचलायचं, आणि रीळ शेजारी धरायचं. हे कुणाला दिसू नये अशी काळजी घ्यायचो. दवाखान्यातून आली तेव्हा ती लेमनवर होती. बिस्किटावर यायला पाहिजे होती. बरेच दिवस गेले, ती लेमनवरच राहिली.

पुन्हा बुलढाण्याला नेलं. रक्त तपासलं. डॉक्टरांनी लेकीला समजावून सांगितलं. मी दाराशी उभा होतो. लेकरू छान आहे, वजन वाढतंय, शी-शू बरोबर आहे. काही लेकरांची कावीळ आईच्या दुधामुळं लांबते. त्यात धोका नाही. खात्री करायला दोन दिवस वरचं दूध बाटलीनं द्या, तेवढ्यात रंग उतरला तर कारण कळलं. तोवर आपलं दूध पिळून काढत राहा, नाहीतर आटेल. मग परत अंगावर सुरू करा. थोडं पिवळं परत दिसेल, त्याला भ्यायचं नाही.

हे सगळं ते बोलले. लेकीनं नंतर मला शब्दन् शब्द सांगितलं, म्हणून मी आज लिहू शकतो. दाराशी उभं असताना मला एकच ऐकू आलं होतं: आईच्या दुधामुळं.

ते दोन दिवस घरात चमत्कारिक गेले. डब्यातली पावडर उकळून निवलेल्या पाण्यात कालवायची, बाटली उकळायची, हे काम मी शिकलो. नातीनं बाटली पहिल्या झटक्यात घेतली. मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. आजवर कुणी माझ्या हातून असं जेवलं नव्हतं. पडद्यापलीकडं लेक पाठमोरी बसून दूध पिळायची आणि वाटीत काढून, वर बशी झाकून, पडद्याखालून माझ्याकडं सरकवायची. ते दूध कुठंही टाकायचं नसतं, कुणाचा पाय पडू नये, झाडाच्या बुडाशी ओतावं, असं वहिनींनी सांगून ठेवलं होतं. मी बशी न उचलता वाटी घेऊन जायचो आणि तोंड बाजूला करून सीताफळीच्या बुडाशी ओतायचो. मातीवर पिवळसर पांढरा डाग पडायचा. वाटी कोमट लागायची हाताला.

दोन दिवसांत नात क्रीमवर आली. मी सगळ्या बाजूंनी पाहिलं, ऊन बदलून पाहिलं. क्रीमच होती. डॉक्टरांकडं रक्त तपासलं, त्यातली कावीळही उतरली होती. आता परत सुरू करा, म्हणाले. लेकीचा चेहरा उजळला. बाटली धुऊन तिनं माझ्या हातात दिली. "ठेवून द्या बाबा वर माळ्यावर. आता नाही लागत."

मी ती माळ्यावर ठेवली नाही. मशीनच्या खणात ठेवली. डबा कापडाच्या गठ्ठ्यामागं ठेवला.

माझ्या मनात त्या वेळी काय होतं ते जसंच्या तसं सांगतो. मला वाटलं, डॉक्टर तरुण आहेत, दूध चालू ठेवा असं सगळ्यांनाच सांगत असतील. रंग मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. अंगावरचं दूध बंद, पिवळं उतरलं. यापेक्षा सरळ जोडणी कोणती? लेकीला हे सांगायचं तर 'तुझं दूध' असं म्हणावं लागलं असतं. बापानं ते कसं म्हणायचं? म्हणून मी न बोलता करायचं ठरवलं.

सकाळी उन्हाच्या निमित्तानं नात माझ्याकडं असायची. तेव्हा एक बाटली. वहिनी दुपारी लेकीचं अंग शेकायच्या, दार लावून, तेव्हा नात दुकानात माझ्याजवळ, तेव्हा दुसरी. गिऱ्हाईक आलं तर बाटली कापडाखाली.

लेक तिला पाजायला घ्यायची तेव्हा तिचं पोट भरलेलं असायचं. दोन दिवस बाटलीवर राहिलेलं लेकरू तसंही छातीला लागायला कुरकुरतं. बाटलीला ओढावं लागत नाही, आपोआप येतं. दवाखान्यातल्या सिस्टरनं हे आधीच सांगितलं होतं, की चार-पाच दिवस रडेल, तोंड फिरवेल, भूक लागू द्या जरा, मग घेईल. नातीला भूक लागणार नाही याची व्यवस्था मी केली होती. ती तोंड फिरवायची, पाठीचा कणा ताठ करून मागं झुकायची, नाहीतर दोन घोट घेऊन झोपायची. पडद्यापलीकडून लेकीचं बोलणं ऐकू यायचं. आधी लाडीगोडी, मग नुसतं "घे ना, घे ना माय," मग काहीच नाही.

वहिनींनी अळिवाची खीर दिली, डिंकाचे लाडू दिले, गरम फडक्यानं शेकलं. छातीत गाठी झाल्या, ताप भरला. मी मशीन चालवत होतो.

सिस्टरनं आणखी एक सांगितलं होतं. लेकरू छातीला नीट लागेपर्यंत दूध पिळून वाटी-चमच्यानं पाजा, म्हणजे त्याच्या तोंडाला तीच चव राहील. लेक रोज सकाळी मी नातीला उन्हात नेण्याआधी एक वाटी झाकून द्यायची. "उन्हात भूक लागली तिले तर हे पाजा बाबा. चमच्यानं, सावकाश."

आता ते लिहितो, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

ती वाटी मी नातीला पाजली नाही. एकदाही नाही. मी अंगणात जायचो, वहिनी भिंतीशी नाहीत हे पाहायचो, आणि वाटी सीताफळीच्या बुडाशी ओतायचो. डॉक्टरांनी सांगितलेल्या त्या दोन दिवसांत ओतत होतो तशीच. मग खिशातून बाटली काढायचो. रिकामी वाटी आत द्यायचो, लेक विचारायची, पिली का? मी म्हणायचो, हाव.

पहिल्या दिवशी वाटी अर्धी होती. मग अर्ध्याच्या खाली. मग वाटीच्या तळाशी नुसता थर. दुधाचं आटणं रोज माझ्या हातात येत होतं, बशीखाली झाकून. बशी मी उचलून पाहायचो आता. पाहून ओतायचो.

याच दिवसांत नातीचा रंग थोडा चढला होता. लेमनकडं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं तसंच ते होतं, पण मला वाटलं, बघा, लेक अंगावर घेते दिवसातून चार वेळा, दोन घोट तरी पोटात जातात, हे त्याचंच. मग मी दुपारी आणखी एक बाटली वाढवली.

आरोग्य केंद्रात वजन करायला गेलो. नर्सबाईंनी नातीला काट्यावर ठेवलं आणि हसून लेकीला म्हणाल्या, पोरीनं छान वजन घेतलंय, दूध भरपूर दिसतं तुझं. लेक त्यांच्याकडं पाहत राहिली. परत येताना ऑटोत, घराजवळ आल्यावर ती म्हणाली, "म्हणजे येत असन ना बाबा दूध. मलेच समजत नसन." त्या दिवशी तिनं नवा गाऊन घातला. नातीला घेऊन पडद्यामागं बसली, बराच वेळ गुणगुणत होती. तासाभरापूर्वीच मी नातीला दुकानात बाटली दिली होती. तिनं तोंडात घेतलं आणि ओकून टाकलं.

ओकलेलं दूध पांढरं होतं. डब्याच्या दुधाला एक वास असतो, गोडसर, पिठासारखा. आता मला तो अंधारातही ओळखू येईल. लेकीला तो त्या दिवशी आला होता की नाही, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पडदा बाजूला करून दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं, नात माझ्याजवळ दुपट्यावर झोपली होती. कपडे कापायच्या टेबलाला धरून उभी राहिली. चेहरा शांत होता, म्हणून मला भीती वाटली.

"बाबा, दवाखान्यात जाता का तुम्ही? दूध बंद करायची गोळी असते म्हणे. घेऊन या."

मी मशीन थांबवलं.

"तिले माह्यं दूध बाधते बाबा," ती म्हणाली. "तिले समजते ते. म्हणून तोंड फिरवते. मी उगा जबरदस्ती करून राह्यली तिच्यावर. आता बंदच करते, एकदाचं."

कितीतरी दिवस मला हेच तर हवं होतं. तिच्या तोंडून आयतं आलं होतं. 'बरं' म्हणून चपला घातल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं. ती उभी होती तिथं तिच्या गाऊनवर दोन ओले डाग होते. बोलता बोलता दूध आलं होतं तिला. मीच लावलेल्या बटनांच्या दोन्ही बाजूंना. ती जे बंद करायला निघाली होती, ते माझ्यासमोर वाहत होतं.

मी मशीनचा खण ओढला आणि बाटली टेबलावर ठेवली. गठ्ठ्यामागून डबा काढला. तो दुसरा डबा होता.

"ती तुह्याजवळ भुकेली येतच नाही माय," मी म्हणालो. "मी पाजतो तिले आधी."

तिनं बाटली उचलली, झाकण काढलं, वास घेतला. परत ठेवली. मग खणात पडलेली रिळं तिला दिसली. हळदी, लेमन, क्रीम, एका ओळीत. आधी तिला समजलं नसावं. तिनं लेमनचं रीळ हातात घेतलं, नातीकडं पाहिलं, आणि समजलं.

ती रडेल असं मला वाटलं, बोलेल असं वाटलं. तिनं रीळ जागेवर ठेवलं.

"आईची माळ कुठवर उतरली, तुम्ही मले रोज सांगत होते," ती म्हणाली. "आज गळ्यापर्यंत आली, आज छातीवर आली. मी शाळेत पोरींले सांगत होती. माही आई बरी होऊन राह्यली म्हणून."

एवढं बोलून ती आत गेली. माळेबद्दल आम्ही दोघं तोवर कधी बोललो नव्हतो. तिच्या लक्षात नसेल असं मी धरून चाललो होतो.

संध्याकाळी तिनं सासरी फोन केला. दुसऱ्या दिवशी विहीणबाई गाडी घेऊन आल्या. मी सगळं ऐकायची तयारी ठेवली होती, पण लेकीनं त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. इथं थंडी फार आहे, वहिनींना कापूस वेचायला जावं लागतं, एवढंच. त्या उलट मलाच धीर देत होत्या. "भाऊ, तुम्ही लई केलं. बापानं एवढं कुणी करत नाही." लेक गाडीत बसलेली होती, तिनं काचेबाहेर पाहिलं. सव्वा महिना व्हायच्या आत माहेराहून बाळंतीण निघाली, वहिनी दारात उभ्या राहून गाडीकडं पाहत होत्या. "काय झालं भाऊजी?" त्यांनी मला विचारलं. मी थंडी म्हणालो. "थंडी," त्या म्हणाल्या, आणि पदर ओढून आपल्या घरात गेल्या.

पुढचं मला वहिनींकडूनच कळत राहिलं. त्या साखरखेर्ड्याला फोन करायच्या आणि येऊन सांगायच्या, मी मशीन थांबवून ऐकायचो. विहीणबाईंनी घरात बाटली येऊ दिली नाही. लेकराला उघडं करून लेकीच्या छातीवर ठेवायचं, वर दोघींवर गोधडी. घेतलं तर घेतलं, नाही तर वाटी-चमचा. दूध कमी पडे तेव्हा वरचं, तेही चमच्यानंच. पोरगी रडून रडून घर डोक्यावर घ्यायची. लेकही रडायची. एकदा लेकीनंच म्हटलं होतं म्हणे, आणा बाटली, नाही होत माह्यानं. विहीणबाई म्हणाल्या, उद्या आणू. दुसऱ्या दिवशीही उद्या आणू म्हणाल्या. असं करत करत एक दिवस पोरगी लागली. पण डाव्या बाजूचं दूध पुरतं परत आलं नाही. गाठी झाल्या होत्या ती बाजू. आणि कावीळ? ती आपोआप गेली, अंगावर पिता पिता. कधी गेली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, वहिनी म्हणाल्या.

मी फोन केला की लेक बोलायची. जेवले का, गिऱ्हाईक आहे का. कामापुरतं.

उन्हाळ्यात जावई आणि ती शेगावला दर्शनाला आले होते. तिथून एका दिवसासाठी घरी आले. जावई बाजारात गेले. नात आता मान सावरत होती, हातात येईल ते तोंडात घालत होती. रंग गव्हाळ, तिच्या आजीसारखा. मी तिच्याकडं हात पुढं केला तेव्हा लेकीनं दिली, पण हात लगेच काढला नाही. थोड्या वेळानं नात कुरकुरायला लागली. लेक तिला घेऊन आत गेली, पडदा सोडला.

मी मशीनवर बसलो होतो. हातात काम होतं, तरी पाय हलले नाहीत. पडद्यापलीकडून लेकराच्या पिण्याचा आवाज येत होता. घोट, मग श्वास, मग घोट. अशा आवाजाला बापानं कान द्यायचे नसतात. मी देत होतो.

"बाबा."

पडद्यामागून हाक आली. अवघड काही बोलायचं असलं की ती पडद्याआडूनच बोलायची, लहान होती तेव्हापासून.

"हाव माय."

"बाटलीचं तुम्ही सांगतलं. मी सकाळी वाटीत काढून देत होती ना, उन्हात न्यायच्या आधी." ती थांबली. "ते तरी तिच्या पोटात जात होतं ना?"

'हाव' हा शब्द तोंडात तयार होता. रोज सकाळी वाटी परत देताना म्हणायचो, तोच. तिला त्यानं बरं वाटलं असतं. ताप अंगात घेऊन, गाठी दाबून, थेंब थेंब पिळलेलं काही तरी लेकराच्या पोटात गेलं, एवढं घेऊन ती साखरखेर्ड्याला परत गेली असती. तिला त्याहून जास्त काही नको होतं. आणि तिला द्यायला मी तेवढंही माझ्याजवळ ठेवलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

"मग?"

"झाडाले घातलं. सीताफळीले."

पडदा हलला नाही. घोटांचा आवाज चालू होता. मग तो थांबला, लेकरू कुरकुरलं, कपड्याची सळसळ झाली. लेकीनं तिला दुसऱ्या बाजूला घेतलं असावं, त्या कमी दुधाच्या. काही वेळ नुसती ओढ, घोट नाही. मग एक घोट. बऱ्याच वेळानं आणखी एक.

अंगणात उन्हानं झाडं सुकली होती, सीताफळीची पानंही मलूल होती. मला तिकडं पाहवलं नाही. मी सुईत ओवलेला दोरा काढला, परत ओवला.

लेक बाहेर येईल, काहीतरी बोलेल, जावयांना बोलावून निघून जाईल, असं मी एकेक मनात मांडत होतो. ती आली नाही. मग आतून तिचा आवाज आला, दबका, लेकरू मांडीवर असताना बोलतात तसा.

"मशीन चालू करा. तिले त्या आवाजावर झोप लागते."

'बाबा' म्हणाली नाही ती. मी पाय पायट्यावर ठेवला आणि चाक फिरवलं. सुईखाली कापड नव्हतं. ते घ्यायला उठलो तर आवाज थांबला असता, म्हणून तसाच चालवत राहिलो.